फारकतीचा विरुद्धार्थी शब्द

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत पणजोबांच्या काळातले काही मोडी कागद पडून होते. कडा झिजलेल्या, घड्यांवर चिरलेल्या. दर दिवाळीला ट्रंक पुसायची आणि कागद तसेच परत ठेवायचे, हा शिरस्ता. शेवटी एकदा बहिणीने मनावर घेतलं आणि आम्ही दोघं ते पुडकं घेऊन मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी वरचा कागद अलगद उलगडला, दोनचार ओळी पुटपुटल्या आणि म्हणाले, "ही फारखत आहे."

बहीण माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे पणजोबांनी पणजीला सोडलं होतं?"

गृहस्थ हसले. "नाही हो ताई. सावकाराचं देणं फिटलं, त्याचा कागद आहे हा. आता तुमच्याकडे माझं काही येणं नाही, असं त्याने लिहून दिलंय."

पणजीची अब्रू वाचली, पण माझ्या डोक्यात तो शब्द अडकून बसला. फारखत. अरबी 'फारिग़' म्हणजे मोकळा, आणि 'ख़त' म्हणजे लिहिलेला कागद. गहाणखत, खरेदीखत यांतला तोच. मोकळं केल्याचा कागद ती फारखत. आधी तो कर्जाच्या व्यवहारातला शब्द होता. मग भागीदार वेगळे झाले की त्यांची फारखत होऊ लागली, आणि पुढे नवराबायकोची. बोलताना 'ख'चा 'क' झाला आणि आज फारकत म्हटलं की सावकार कुणाला आठवत नाही, मोडलेला संसार आठवतो.

हा प्रवास मराठीत किती सहज झाला ते बघण्यासारखं आहे. देणं फिटल्याच्या कागदाला आपण नातं तुटल्याचा अर्थ दिला आणि कुणाला तो खटकला नाही. कारण मराठी माणूस नातं मोजतोच देण्याघेण्यात. भांडण विकोपाला गेलं की तो म्हणतो, "आजपासून माझं तुझं काही देणंघेणं नाही." म्हणजे नातं संपलं. नातं चांगलं असेल तर त्याला आपण ऋणानुबंध म्हणतो, म्हणजे ऋणाने बांधलेलं. या जन्मीचं नसेल तर गेल्या जन्मीचं. मुलगा चांगला निघाला तर त्याने आईबापाचे पांग फेडले. कुणी अडीअडचणीला धावून आलं तर त्याचे उपकार फेडायचे असतात, त्याच्या ऋणातून उतराई व्हायचं असतं. अगदी गोड शब्द आहेत हे सगळे, पण खाली वही उघडी आहे आणि तिच्यात जमा-नावे चालू आहे.

आता दुसरीकडे या. माझं घर ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या शाळेत शिकलेल्या आजोबांपासूनचं. रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणायची ती जुन्या पवित्र शास्त्रातल्या शब्दांत. बाहेरच्या माणसाला वाटतं की त्या प्रार्थनेत 'क्षमा' हा शब्द असणार. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रार्थनेच्या या जुन्या मराठी रूपात तो नाही. तिथे आहे 'ऋण'. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं, तसं तू आम्हाला सोड, अशी ती मागणी आहे. लहानपणी मला वाटायचं की ही शेतकऱ्यांसाठी खास घातलेली ओळ आहे. सोसायटीचं कर्ज आमच्याकडे सगळ्यांनाच होतं.

हे भाषांतरकाराचं घसरणं नव्हे. मूळ ग्रीकमध्येही तिथे व्यवहारातलं कर्ज हाच शब्द आहे. आणि त्याच्याही मागे जावं तर येशू ज्या अरामी बोलीत बोलत होता तिच्यात 'होबा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ: देणं आणि पाप. गालीलच्या कोळ्याला ही दोन वेगळी खाती आहेत असं वाटतच नसणार. लूकच्या शुभवर्तमानात हीच प्रार्थना येते तेव्हा अर्ध्यात 'पाप' आहे आणि अर्ध्यात 'ऋणी'. एकाच अरामी शब्दाची ती दोन तोंडं.

'सोड' हे क्रियापदही जागच्या जागी बसलं आहे. ग्रीक 'अफिएमी' म्हणजे हातातून सोडणं, जाऊ देणं. आपल्याकडे क्षमा या संस्कृत शब्दाच्या मुळाशी सोसणं आहे. क्षमा म्हणजे पृथ्वीसुद्धा, कारण ती सगळं सोसते. माफी आली अरबीतून. तिच्या मुळाशी पुसून टाकणं आहे, आणि ती आपल्याकडे शेतसाऱ्याच्या सुटीपासून कर्जमाफीपर्यंत सरकारी वळणानेच जास्त फिरली. या दोन्ही शब्दांत एक उंची आहे. क्षमा करणारा वर असतो आणि मागणारा खाली. रोजच्या मराठीत दोन सख्खे भाऊ एकमेकांना "मला क्षमा कर" म्हणाले तर शेजारी नाटकाची तालीम आहे असं समजतील. आपण म्हणतो, "चुकलं माझं." आणि समोरचा म्हणतो, "जाऊ दे." किंवा "सोडून दे." शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर ग्रीक शुभवर्तमानाच्या सगळ्यात जवळ हे 'जाऊ दे' आहे. पंडितांच्या 'क्षमे'पेक्षाही जवळ.

(अर्थात जाऊ दे म्हणून मनात धरून ठेवणारेही असतात. त्यांच्यासाठी मराठीत 'डूख' हा शब्द आहे आणि तो सापाचा आहे.)

मराठी बायबल वाचताना मला नेहमी वाटतं, आपण चावडीवर बसलो आहोत. मिशनरी विल्यम केरीने बंगालातल्या श्रीरामपूरला पंडित वैजनाथांच्या मदतीने मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं ते 1805 साली. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती आणि मराठीतला रोजचा लिखित व्यवहार म्हणजे दफ्तर, सनदा, हिशेब. पुढच्या शंभरेक वर्षांत भाषांतरं पुन्हा पुन्हा झाली, सुधारली, पण दफ्तराचा वास गेला नाही. बायबलचे दोन भाग म्हणजे जुना करार आणि नवा करार. नम्र लोकांना पृथ्वीचं काय मिळणार? वतन. येशू नव्या कराराचा कोण? जामीन. त्याने आपला जीव कशासाठी दिला? खंडणी म्हणून. आज वर्तमानपत्रात खंडणी म्हटलं की धमकीचा फोन आठवतो, त्यामुळे चर्चमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस या शब्दाला हमखास दचकतो. येशूच्या गोष्टींना आम्ही म्हणतो दाखले. शाळा सोडल्याचा असतो तो वेगळा. आणि सगळ्यांत मोठा शब्द 'तारण'. रविवारी चर्चमध्ये तारण म्हणजे उद्धार, सोमवारी पतसंस्थेच्या पाटीवर तेच तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेलं सोनं. दोन्ही ठिकाणी काहीतरी बुडण्यापासून वाचवायचं आहे.

करार हा त्यातला मला आवडणारा शब्द. अरबी 'क़रार' म्हणजे मुळात स्थिर होणं, विसावणं. हिंदी गाण्यांतला प्रेमिक बेकरार असतो तो याच कुळातला. त्याला विसावा नसतो. कोर्टाच्या स्टॅम्पपेपरवरच्या कराराच्या पोटात विसावा आहे हे वकिलांना सांगून पटणार नाही. पण देवाशी झालेला नवा करार म्हणताना मी तो अर्थ मनात धरतो.

आणि मग येतो 'समेट'. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल हा शब्द पुन्हा पुन्हा घोळवतो: देवाने माणसांशी समेट केला आणि समेटाचंच काम आपल्या माणसांवर सोपवलं. हिंदी बायबलमध्ये या जागी 'मेल-मिलाप' आहे. छान आहे, पण थोडा मेळ्यातला वाटतो. समेट जरा अंगाने कमी आणि कामाचा आहे. शेजारच्या हिंदीत 'समेटना' म्हणजे पसरलेलं गोळा करणं. अंगणातलं वाळवण पाऊस आला की आवरतात, तसं. मराठीत समेट 'होतो' किंवा कुणीतरी तो 'घडवून आणतो'. तो आपोआप उगवत नाही, त्याला मधला माणूस लागतो, हे त्या क्रियापदातच लिहिलेलं आहे.

पौलाचा मूळ ग्रीक शब्द 'कतालागे'. तो तर थेट बाजारातला, नाण्यांच्या अदलाबदलीचा. एक नाणं द्यायचं, दुसरं घ्यायचं. वैर द्यायचं आणि मैत्र घ्यायचं या अर्थाला तो नंतर आला. म्हणजे ग्रीकांचीही सुरुवात देण्याघेण्यातूनच. आपल्याकडच्या जुन्या कागदांत तहाच्या वेळी 'सलूख' येतो, त्याचाच आजचा सलोखा. अरबी 'सुलूक' म्हणजे वागण्याची रीत, वाट. सूफी लोक देवाकडे जाणाऱ्या वाटेलाही सुलूकच म्हणतात. दोन फौजांमधला सलोखा आणि माणसाची देवाकडची वाट एकाच धातूतून निघावी, हा योगायोग मी फुकट घालवणार नाही. गोव्यात गेलात तर पाद्रीपुढे पाप कबूल करण्याला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगीज 'कन्फेसार'चं कोकणी तोंडात घोटलेलं रूप. या सगळ्या शब्दांची आयात झाली हे खरं, पण बंदरावर उतरल्यावर त्यांना इथल्या चुली मिळाल्या.

देण्याघेण्याची भाषा आणि नातं यांची कुस्ती बघायची तर उधळ्या पुत्राच्या दाखल्यासारखी जागा नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. धाकटा वाटणी मागतो, दूरदेशी जाऊन सगळं उधळतो, डुकरं राखायची पाळी येते तेव्हा घर आठवतं. ('उधळ्या' हाही काय शब्द लावलाय. घोडा उधळतो, गुलाल उधळतात, पैसा उधळतात. या पोराने तिन्ही केलं.) मला बघायचंय ते त्याचं वाटेवरचं भाषण. तो मनात वाक्यं जुळवतो: मी चुकलो, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवून घ्या. मोलकरी म्हणजे रोजंदारीवरचा माणूस. त्याला नातं परत मागायचं धाडस होत नाही, म्हणून तो हिशेबाचं नातं मागतो. काम करीन, मजुरी घेईन, थोडं थोडं फेडीन. घरी पोचल्यावर तो भाषण सुरू करतो. चुकलो म्हणतो, लायकी नाही म्हणतो, आणि पुढचं मोलकऱ्याचं वाक्य यायच्या आतच बाप चाकरांना हाका मारायला लागतो: झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. लूकने ते वाक्य दुसऱ्यांदा लिहिलेलंच नाही. बापाने ते ऐकूनच घेतलं नाही.

थोरला शेतातून येतो आणि दारातच अडून बसतो. त्याचंही गाऱ्हाणं ऐका: इतकी वर्षं चाकरी केली, एकदाही शब्द मोडला नाही, आणि मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा दिलं नाहीत. म्हणजे घर कधीच न सोडलेला मुलगाही मोलकऱ्याच्याच भाषेत बोलतो आहे! एकाने खातं बुडवलं, दुसऱ्याने शिलकी ठेवलं. वही दोघांच्याही काखेत आहे.

आणि मग ते दोन शब्द. थोरला धाकट्याला भाऊ म्हणत नाही. तो बापाला म्हणतो, 'हा तुमचा मुलगा.' आपल्याकडची भांडणं ज्याने घरात ऐकली आहेत त्याला हे लगेच कळेल. आई चिडली की मुलाला सांगते, "तुझ्या बापाला विचार." बाप चिडला की म्हणतो, "तुझा लाडका आलाय बघ." नातं तोडायला आपण सर्वनाम वापरतो. दाखल्यातला बाप ते ऐकतो, रागावत नाही, उपदेशही करत नाही. फक्त उत्तर देताना 'हा तुझा भाऊ' म्हणतो. एक शब्द त्याने जागेवर परत ठेवला. अख्ख्या पवित्र शास्त्रात समेटाचं इतकं बारीक काम मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मराठीत देवाला 'तू' म्हणतात हेही इथेच सांगून टाकतो. पांडुरंगाला तू आणि आमच्या प्रार्थनेतही तू. पाळकांना 'आपण' म्हणणारा म्हातारा डोळे मिटले की "हे देवबापा, तू" असं सुरू करतो. 'देवबाप' हा शब्द तुम्हाला ख्रिस्ती घरांबाहेर फारसा ऐकू येणार नाही. देवाला नात्यातला शब्द जोडून मराठीने केलेला तो साधा समास आहे. येशू प्रार्थनेत देवाला 'अब्बा' म्हणायचा, तो अरामी शब्द मराठी बायबलने तसाच ठेवला आणि पुढे बापा जोडलं. घरात लेकरू हाक मारतं तशी हाक. या हाकेत मोलकरी बसत नाही.

फारकतीवर बोलतोय तर एका न घेतलेल्या फारकतीची आठवण काढायला हवी. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या काळी धर्म बदललेल्याला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, लग्न मोडून घेता यावं म्हणून 1866 चा एक खास कायदा होता. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही ख्रिस्ती होऊन नव्हे; स्वयंपाकपाण्याचं सोवळं त्यांनी पुढे बरेच दिवस सांभाळलं. ते सुटत गेलं ते त्यांच्या त्यांच्या विचाराने, आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सगळं आहे, आणि कुठेही हिशेब मांडलेला नाही. ज्या बाईला हिशेब मांडायचा पुरेपूर हक्क होता तिने नवऱ्याच्या विसराळूपणावर आणि स्वतःच्या भित्रेपणावर वाचकाला पोट धरून हसवलं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, तेही त्यांच्यामागे तिनेच पुरं केलं.

हे थोरामोठ्यांचं झालं. माझ्या माहितीतला समेट बांधावरचा आहे.

माझे वडील आणि थोरले चुलते, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, यांच्यात सात वर्षं अबोला होता. कारण नेहमीचंच: बांध कोरला. नांगरताना दरवर्षी थोडा थोडा, एकेका तासाने. कुणी कोरला यावर दोन्ही घरांचं एकमत कधीच झालं नाही. चर्चमध्ये वडील डावीकडच्या बाकावर, अप्पा उजवीकडच्या. प्रार्थना मात्र एका सुरात. ऋणाच्या ओळीला अप्पांचा आवाज चढायचा आणि वडिलांचा खाली जायचा, असं आई सांगते. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं.

शेवटी मोजणी आणायचं ठरलं. पैसे भरले, नोटिसा निघाल्या. मोजणीच्या आधीचा रविवार प्रभुभोजनाचा निघाला. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लोक रांगेने पुढे चालले होते. आजी उठली नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की वेदीशी दान आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करायचा. आजीला ते अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिने वडिलांचा सदरा धरला.

"कुठं निघालास?"

"पुढं. प्रभुभोजन आहे ना."

"बस खाली. तुझी पंगत तिकडं आहे आधी," म्हणून तिने उजवीकडे बोट केलं.

वडील बसले. मग उठून मधल्या वाटेने उजवीकडच्या बाकाशी गेले आणि अप्पांच्या शेजारी टेकले. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही. अप्पा खिशातला रुमाल शोधत राहिले. रांग संपत आली तेव्हा दोघं उठले, अप्पा पुढे आणि वडील मागे.

मंगळवारी मोजणीदार ठरल्याप्रमाणे आला. गावठाणातून चालत, बरोबर माणूस आणि सामान. बांधावर बाभळीखाली दोघे भाऊ त्याची वाट बघत बसले होते. किटलीतून चहा आणला होता, तो त्याला दिला. चहा पिऊन झाल्यावर त्याने नकाशा काढला आणि विचारलं, "सुरू करू? हद्दीच्या खुणा दाखवतो तुम्हाला."

अप्पांनी वडिलांकडे पाहिलं. "काय रे?"

"जाऊ दे," वडील म्हणाले.

मोजणीदाराने दोनदा खात्री करून घेतली, मग मोजणी नको असल्याचा अर्ज लिहून घेतला. त्यावर दोघांच्या सह्या आहेत. त्याची नक्कलही त्याच ट्रंकेत आहे, फारखतीच्या खाली. बांध अजून वाकडाच आहे.